प्रदर्शन उठल्यानंतर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजूनही वहीची पूजा होते. वडिलांचे दुकान कधीच गेले, वही तेवढी राहिली. गेल्या वर्षी मात्र वहीवर हळदकुंकू वाहताना माझे मन थाऱ्यावर नव्हते. वहीत एक कागद घडी करून ठेवलेला होता, आणि तो होता चित्रप्रदर्शनाच्या खर्चाचा.

आम्ही पाच मित्रांनी हौसेने एक गॅलरी आठवडाभर भाड्याने घेतली होती. चित्रे खपली तीन. प्रदर्शन उठले आणि बिल आले. भाडे होतेच, पण दिव्यांचा आकार निराळा, उद्घाटनाचा चहा निराळा, आणि शेवटी 'किरकोळ'. हे किरकोळ चहापेक्षाही मोठे! मी पावत्या मागितल्या. उत्तर आले, सारे बोलण्यात ठरले होते. लेखी काहीच नव्हते. तेव्हा गॅलरी राहिली बाजूला आणि 'तू कबूल केलेस, मी नाही' असे आम्हा पाचांतच जुंपले.

अशा वेळी मला पॅरिसची आठवण झाली. आज ज्यांच्या चित्रांसाठी जग रांगा लावते त्या मोने, रन्वार, पिसारो, सिस्ले, देगा यांनाही हा हिशेब चुकला नव्हता. सरकारी 'सलाँ'च्या परीक्षकांना कंटाळून त्यांनी २७ डिसेंबर १८७३ रोजी आपली सहकारी संस्था काढली. वर्गणी वर्षाला ६० फ्रँक, आणि विक्रीवर संस्थेला शेकडा दहा. मौज अशी की, नियमांसाठी पिसारोने पोंत्वाझच्या पाववाल्यांच्या संघाची घटना नमुना म्हणून पुढे केली होती!

नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, १५ एप्रिल १८७४ पासून महिनाभर प्रदर्शन भरले. तिकीट एक फ्रँक, सूचिपत्र अर्धा फ्रँक. दिवसा तर खुलेच, पण रात्रीही आठ ते दहा. सुमारे साडेतीन हजार माणसे आली, त्यांत हसायला आलेली पुष्कळ. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राचे नाव धरून लुई लरुआ या पत्रकाराने 'इंप्रेशनिस्ट' अशी टवाळी केली. टवाळीच पुढे पदवी ठरली.

पण पदवीने भाडे फिटत नाही. विक्री झाली ती अशी: सिस्लेची हजार फ्रँक, मोनेची २००, रन्वारची १८०, पिसारोची १३०. त्याच वर्षी १७ डिसेंबरला रन्वारच्या स्टुडिओत सभासद जमले आणि अध्यक्षस्थानी त्यालाच बसवले. हिशेब वाचला गेला. बाहेरच्यांची देणी फिटली होती. परंतु सभासदांनीच पुढे केलेले ३,७१३ फ्रँक देणे उरले होते, आणि पेटीत होते अवघे २७७ फ्रँक ९९ सेंटीम. संस्था सावरायची तर प्रत्येकाने १८४ फ्रँक ५० सेंटीम भरायचे!

वाचकहो, रन्वारची सगळी विक्री १८० ची. म्हणजे चित्रे गेली ती गेलीच, वर पदरचे साडेचार फ्रँक घालायचे. परक्याचे देणे माणूस रागावून देतो. घरातले देणे मात्र मैत्रीवर येऊन बसते. त्या सभेने संस्था मोडण्याचा ठराव एकमताने केला, आणि हिशेब तपासण्यासाठी एक समिती नेमली. तीत रन्वार आणि सिस्ले दोघेही होते. मला मोठे वाटले ते हेच. त्यांनी संस्था मोडली, पण हिशेब अर्धवट टाकला नाही. म्हणूनच १८७६ साली त्यांतले बरेचजण द्युराँ-रुएलच्या गॅलरीत पुन्हा एकत्र येऊ शकले. त्या खेपेस खर्च निघाला आणि प्रत्येकाला नफा मिळाला, तीन फ्रँक!

पाडव्याला मी चौघांना फराळाला बोलावले आणि चकल्यांच्या ताटाशेजारी तो कागद उलगडला. ज्या कलमांना पावती होती ती सरळ पाचांत वाटली. 'किरकोळ'चा तपशील गॅलरीकडे लेखी मागितला. आठवड्याने बिल सुधारून आले, त्यात ते कलम नव्हते. चहाचे पैसे मात्र द्यावे लागले. तो आम्ही प्यायलो होतो, हे कोणालाच नाकारता येईना.

यंदा पुन्हा प्रदर्शन करायचे घाटते आहे. या खेपेला वहीचे पहिले पान आधी लिहिले आहे, आणि खाली पाच सह्या आहेत.