'नॉ' या क्रियापदाचा मूक गकार

अध्यापनाच्या पहिल्याच वर्षीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें कीं, 'कुरतडणें' या अर्थाचें इंग्रजी क्रियापद जर 'नॉ' असें उच्चारावयाचें, तर लिहितांना आरंभीं 'जी' कशाला? "इंग्रजांची लहर," असें म्हणून आम्ही वर्ग हंसविला व प्रश्न बुडविला. तें उत्तर खोटें होतें.

तो गकार एके काळीं स्पष्ट उच्चारला जात असे. प्राचीन इंग्रजींत हें क्रियापद 'ग्नगन्' असें होतें. डच भाषेंतील 'क्नाखन्' व स्वीडिशमधील 'ग्नागा' या त्याच्या भगिनींनीं आरंभींचें जोडाक्षर अजून राखिलें आहे. जर्मनांनीं मात्र 'नागेन' म्हणतांना पहिलें व्यंजन लेखनांतूनहि काढून टाकिलें. इंग्रजांच्या जिभेवरून तें सुमारें सतराव्या शतकांत गळालें. पण तोंवर छापखान्यांनीं लेखन बरेंचसें स्थिर केलें होतें. ध्वनि गेला, अक्षर राहिलें. 'ड्रॉ'चा भूतकाळ 'ड्र्यू', तसा याचाहि जुना भूतकाळ होता. तो मात्र अजिबात लोपला.

'बाइट' म्हणजे एक चावा. 'नॉ'मध्यें चावा संपतच नाहीं. उंदराचा किंवा हाडाला लागलेल्या कुत्र्याचा हा व्यापार भूक, दुःख व पश्चात्ताप यांना सहजच लागूं पडला. शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड' नाटकांत राणी मार्गारेट शाप देते, तो सदसद्विवेकाच्या किड्यानें आत्मा कुरतडावा असाच आहे. पश्चात्तापवाचक 'रिमॉर्स' या शब्दाच्या मुळाशीं तरी काय आहे? लॅटिनमधील 'पुन्हा चावणें'! केंट परगण्यांतील डॅन मायकेल नांवाच्या भिक्षूनें 1340 मध्यें एका फ्रेंच धर्मग्रंथाचें भाषांतर पुरें केलें व त्यास शुद्ध देशी नांव दिलें: 'अयेनबाइट ऑफ इनविट', म्हणजे अंतर्बुद्धीचा पुनर्दंश. नांव मोठें रसाळ. पण व्यवहारांत टिकला तो परका 'रिमॉर्स'च. सतत टोचून बोलण्यास इंग्रज 'नॅग' म्हणतात, तो शब्दहि बहुधा स्कँडिनेव्हियांतून आलेला याच कुळांतला असावा.

मराठींत चिंता पोखरते, मनाला टोचणी लागते. पण केलेलें कृत्य आठवलें म्हणजे आपलेंहि मन आपणांस खातेंच.

त्या विद्यार्थ्याचें नांव आम्हांस आठवत नाहीं. जुन्या हजेरीपटांत तें सांपडलें असतें. आम्ही शोधलें नाहीं.