तांबड्या शाईचा शेरा

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माझी ठाम समजूत झाली होती, की रजेची कारणं शोधण्याची कला आम्हीच जन्माला घातली. आमच्या एका सहकाऱ्याची आजी तर तीन वेळा वारली! पण ब्रिटिश म्युझियममधल्या एका दगडाने माझा गर्व पार उतरवला.

इजिप्तमध्ये लक्सॉरसमोर, नाईलच्या पश्चिम काठाला देर अल-मदीना म्हणून गाव होतं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर तिथे राहत. चुनखडीच्या कपच्या पायाशी पडलेल्या. काजळीची काळी शाई, गेरूची तांबडी. मग काय, हिशेब, चिठ्ठ्या, धुण्याच्या याद्या, सगळं कपच्यांवर. चित्रंसुद्धा! एका चित्रात मांजर बदकांची राखण करतंय, दुसऱ्यात उंदराची सेवा. साहेबांविषयीचं मत मांडण्याची ही पद्धत मला फार आवडली.

थकबाकीही होती. मेन्ना नावाच्या कारागिराने पोलीसप्रमुखाला भांडंभर चरबी उधार दिली. वसुलीला अठरा वर्षं लागूनही पत्ता नाही. शेवटी प्रमुखाने शपथ घेतली, ‘मुदतीत दिलं नाही तर शंभर फटके खाईन आणि दुप्पट देईन.’ आमच्या कर्जदारांकडून असा कागद लिहून घेता आला असता तर!

आता तो दगड. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचं, म्हणजे इ. स. पू. १२५० च्या सुमाराचं ते हजेरीपुस्तक. चाळीस कामगार, २८० दिवस. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणं तांबड्या शाईत. ‘आजारी’, ‘डोळ्यांचा विकार’, ‘विंचू चावला’, ‘बिअर गाळत होता’! हे शेवटचं कारण आमच्याकडे लिहिलं असतं तर रजा कायमचीच मिळाली असती.

हसत हसत वाचत होतो, तोच एका शेऱ्यावर अडखळलो : भावाच्या प्रेताला मसाले लावत होता.

आमचा दादा गेला तेव्हा मीही तेरा दिवस घरी होतो. अर्जात लिहिलं, ‘घरगुती कारणास्तव’. साहेबांनी मस्टरवर तांबड्या शाईने तेरा वेळा ‘र’ काढला. त्या ‘र’मध्ये दादा कुठेच नाही. तिकडे मात्र राजाच्या थडग्याचं काम सोडून एक माणूस भावासाठी घरी राहिला, हे कुणा कारकुनाने लिहून ठेवलं आणि सव्वातीन हजार वर्षांनी ते मला कळलं.

कारकून असावा तर असा!