ट्रेडमिल: तुरुंगातल्या शिक्षेपासून आपल्या हॉलपर्यंत

"डॉक्टर, दोन महिने झाले. रोज न चुकता अर्धा तास ट्रेडमिलवर चालते. आणि वजन किती उतरलं? सातशे ग्रॅम! मशीनचे हप्ते अजून चालू आहेत."

बावन्न वर्षांच्या या ताई माझ्या जुन्या पेशंट. वजन ७४ किलो, साखर काठावर, गुडघे अधूनमधून कुरकुरणारे. आवाजात राग होता, पण त्याखाली वेगळंच काही होतं. आपलंच कुठेतरी चुकतंय, आपल्यातच जिद्द कमी आहे, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्या केसपेपरच्या मागे एक हिशेब मांडून दाखवला. तो पुढे सांगतोच. पण हा हिशेब माणसाला कळला कसा, त्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती या यंत्राचीच गोष्ट आहे आणि तिची सुरुवात जिममध्ये नाही, तुरुंगात होते.

१८१८ साली इंग्लंडमधल्या विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने तुरुंगांसाठी एक प्रचंड लाकडी चाक आखलं. एखादा लांबलचक पिंप आडवा ठेवावा आणि त्याच्या अंगावर पायऱ्या ठोकाव्यात, तसं. कैद्यांनी ओळीने उभं राहून वरच्या दांडीला धरायचं आणि पायऱ्या चढत राहायचं. पाय पडला की पायरी खाली जाते, म्हणून पुढची चढायची. जिना चढतोय, पण आहे तिथेच. बरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगात आणि मग १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ही चाकं बसली आणि बघता बघता इंग्लंडभर पसरली. काही ठिकाणी त्यावर धान्य दळलं जाई, म्हणून नावात 'मिल', म्हणजे गिरणी. पुष्कळ ठिकाणी मात्र चाकाला काहीच जोडलेलं नसे, कैदी नुसती हवा दळत. आपल्याकडच्या वाचकांना अंदमानचा कोलू आठवेल. कोलूतून निदान तेल निघत असे, इथे अनेकदा तेही नाही.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू तुरुंगातही १८२२ च्या सुमारास असं चाक आलं. तिथल्या जेम्स हार्डी या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. कैद्यांना धाक बसतो तो कष्टांचा नव्हे, त्या न संपणाऱ्या एकसुरीपणाचा, असं त्याचं निरीक्षण होतं. ट्रेडमिल घेऊन तीन महिन्यांत तिच्यावर टॉवेल वाळत घालणाऱ्या माझ्या सगळ्या पेशंटांना हार्डीसाहेब चटकन समजले असते! ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये सक्तमजुरीची शिक्षा झाली, तेव्हा पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्याच्याही वाट्याला हे चाक आलं. १८९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही शिक्षा बंद झाली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक डॉक्टर, एडवर्ड स्मिथ. १८५० च्या दशकात त्याला प्रश्न पडला, की कैद्यांकडून इतकी मेहनत करून घेताना त्यांच्या शरीरातून नेमकं काय खर्च होतं? त्या काळी जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचा मोठा दबदबा होता. त्यांचं म्हणणं असं, की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःच झिजतात, म्हणजे प्रथिनं जळतात. तसं असेल तर कष्ट केल्यावर लघवीतला युरिया भरपूर वाढायला हवा.

स्मिथ लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात गेला. नाकातोंडावर मुखवटा बांधून श्वासाची हवा मोजता येईल असं उपकरण त्याने तयार केलं होतं. आणि, मला हे फार आवडतं, तो स्वतः त्या चाकावर चढला. पडून असताना जेवढी हवा आत जाते ती एक मानली, तर ताशी ३ मैल चालताना ती सुमारे सव्वातीन पट आणि तुरुंगाच्या चाकावर साडेपाच पट होते, असं त्याला आढळलं. कष्टाबरोबर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जोरात वाढला. युरिया मात्र फारसा वाढला नाही. म्हणजे स्नायू स्वतःला जाळून काम करत नव्हते. जळत होतं ते दुसरंच काही.

पुढे १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन शास्त्रज्ञ प्रथिनं नसलेला आहार घेऊन स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले, वाटेत स्वतःची लघवी बाटल्यांत जमवत! चढाईला लागलेल्या ताकदीचा हिशेब शरीरात जळलेल्या प्रथिनांतून काही केल्या जुळेना. मुख्य इंधन चरबी आणि पिष्टमय पदार्थ, ही गोष्ट अशी हळूहळू पक्की झाली. 'चालल्याने चरबी जळते' हे वाक्य आज आपण सहज बोलतो. ते सिद्ध होण्याच्या वाटेवर त्या कैद्यांच्या धापा आहेत.

चाकाचा पट्टा कसा झाला ते थोडक्यात. १८८९ मध्ये बर्लिनच्या नाथन त्सुंट्स यांनी प्राण्यांच्या चयापचयाचा अभ्यास करायला फिरता पट्टा बनवला. आधी त्यावर घोडे चालले, नंतर माणसं. १९१३ मध्ये अमेरिकेत 'ट्रेनिंग मशीन' म्हणून अशा एका यंत्राला पेटंटही मिळालं, पण त्याला गिऱ्हाईक कोण? रोजचं पोटापाण्याचं काम करतानाच माणूस पुरेसा चालत होता.

डॉक्टरांना ट्रेडमिलची गरज लागली ती हृदयासाठी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयाची चाचणी म्हणजे दोन पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवरून चढउतार. सिएटलचे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांना ती अपुरी वाटली. धट्ट्याकट्ट्याला ती काहीच नाही आणि अशक्त माणसाला एकदम झेपत नाही. त्यांनी मोटरवर चालणारी ट्रेडमिल वापरून टप्प्याटप्प्याने वाढणारी चाचणी बसवली. पहिला टप्पा ताशी १.७ मैल वेग आणि १० टक्के चढ, मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवायचे, आणि सतत ईसीजी बघायचा. १९६३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. आज आपण जिला 'टीएमटी' म्हणतो, तिच्यात बहुतेक ठिकाणी अजून हेच टप्पे वापरतात.

त्याच सुमारास बसून काम करणं शरीराला किती महाग पडतं, हेही कळू लागलं होतं. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. हे १९५३ साली छापून आलं. पण मॉरिस तिथेच थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला जास्त रुंद, आणि हा फरक अगदी तरुण वयातही होता. म्हणजे पोट सगळं बसून राहिल्यानेच सुटलं असंही नाही. मुळात स्थूल तरुणच ड्रायव्हरकी पत्करत असतील, असंही असू शकतं. स्वतःच्या आवडत्या निष्कर्षावर स्वतःच अशी शंका घेणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला आहे. १९५६ मध्ये जाँ मेयर यांनी रॉय आणि मित्रा या सहकाऱ्यांबरोबर बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतले कामगार, कारकून आणि दुकानदार यांचं वजन, आहार आणि कष्ट तपासले. कोळसा वाहणारे, ओझी उचलणारे भरपूर खात आणि तरी सडपातळ. कष्ट जसे कमी तसं खाणंही कमी, पण एका मर्यादेपर्यंतच. अगदी बैठं काम करणाऱ्यांमध्ये खाणं उलट वाढलेलं होतं आणि वजनही. हालचाल फारच कमी झाली की भुकेचा काटा बिघडत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. हॉलमधल्या ट्रेडमिलकडे मी 'चरबी जाळायची भट्टी' म्हणून कमी आणि 'भुकेचा काटा जागेवर ठेवायचं साधन' म्हणून जास्त बघतो, त्याचं एक कारण हा अभ्यास.

ट्रेडमिल घरात आणली ती न्यू जर्सीतल्या विल्यम स्टॉब या इंजिनिअरने. डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ मध्ये आलं होतं. ते स्टॉबच्या वाचनात आलं. थंडीपावसात बाहेर पडायला नको, म्हणून त्याने घरात मावेल असं साधं, परवडणारं मशीन बनवलं आणि थेट कूपरना नेऊन दाखवलं. जी वस्तू शंभर वर्षांपूर्वी जबरदस्तीने वापरायला लावत, ती आता लोक पैसे मोजून विकत घेऊ लागले.

आता ताईंचा हिशेब.

साधारण ताशी ५ किलोमीटर वेगाने, सपाट पट्ट्यावर, ७४ किलोचा माणूस अर्धा तास चालला, तर सुमारे १३० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३५-४० तर सोफ्यावर बसूनही झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ९० च्या आसपास. मशीनच्या पडद्यावरचा आकडा बहुधा यापेक्षा मोठा असतो, आणि समोरची दांडी घट्ट धरून चाललात तर खरा खर्च आणखी कमी होतो. रोज ९० म्हणजे ६० दिवसांत ५,४००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० कॅलरी. भागून बघा: ७०० ग्रॅम! "ताई, मशीन बरोबर आहे, काटा बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात," मी म्हटलं. (शरीरातल्या पाण्याने वजन रोजच्या रोज किलोभर वरखाली होतं, त्यामुळे आकडा इतका चपखल बसला हा थोडा योगायोग, हेही त्यांना सांगितलं.)

७,७०० चा हा आकडा १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. विश्नॉफ्स्की यांनी मांडलेल्या 'एका पौंडाला ३,५०० कॅलरी' या नियमातून येतो. आम्ही डॉक्टरांनी तो पन्नास वर्षं पेशंटांना ऐकवला, आणि तिथे आमचं चुकलं. त्या नियमाने ताईंचं वजन वर्षाला सव्वाचार किलो आणि तीन वर्षांत जवळजवळ तेरा किलो उतरायला हवं. तसं कोणाचंच होत नाही. वजन उतरलं की शरीराला कमी इंधन पुरतं, हलकं शरीर चालवायलाही कमी कॅलरी लागतात आणि उतार मंदावतो. २०११ मध्ये अमेरिकेतले केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी यावर सुधारित गणित मांडलं: रोजच्या २४ कॅलरींच्या कायमच्या फरकाने शेवटी सुमारे एक किलो वजन बदलतं, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. ताईंच्या ९० कॅलरींना हे लावलं, तर एकूण पावणेचार किलो, पहिल्या वर्षी दोनच्या आत. तेही खाणं तेवढंच राहिलं तर. चालून आल्यावर 'आज कमावलंय' म्हणून एक वडापाव खाल्ला, तर तीन दिवसांचं चालणं त्यात गेलं.

हे आधीच सांगितलं, तर दुसऱ्या महिन्यात कोणी निराश होऊन सोडत नाही. तेरा किलोंचं आश्वासन देऊन दोन किलो मिळाले, की माणूस स्वतःलाच दोष देतो.

ताईंना मी तीन बदल सुचवले. दांडी सोडून हात हलवत चालायचं, तोल जात असेल तर वेग कमी करायचा, पण दांडीवर भार टाकायचा नाही. गुडघ्यांना सोसेल तसा हळूहळू चढ वाढवायचा, कारण त्याच वेगाला ५ टक्के चढ दिला की चालण्याची कमाई जवळजवळ दुप्पट होते (ते तुरुंगातलं चाक म्हणजे सगळा चढच होता!). आणि शक्य असेल तर अर्ध्या तासाचे दोन भाग करून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर थोड्या वेळाने सावकाश चालायचं, त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. बाकी काम ताटातच करायचं होतं, त्यासाठी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

चालताना छातीत दडपण येत असेल, दम नेहमीपेक्षा लवकर लागत असेल, किंवा मधुमेह आणि रक्तदाब बरीच वर्षं असून व्यायामाची अजिबात सवय नसेल, तर चढ आणि वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटा. गरज वाटली तर ते टीएमटी करायला सांगतील.

एकसुरीपणाचं काय करायचं, हे ताईंनी स्वतःच शोधलं. ट्रेडमिल भिंतीकडे तोंड करून होती. ती त्यांनी खिडकीकडे वळवली. आता समोरच्या मैदानात मुलांचं क्रिकेट दिसतं. मागच्या आठवड्यात आल्या तेव्हा वजनाबद्दल काही बोलल्याच नाहीत, आधी कोणाची विकेट कशी गेली ते सांगितलं. नंतर काट्यावर उभ्या राहिल्या: ७२.८.