ऑग्सबर्ग : एक शहर, दोन पंथ आणि शांततेचा हिशोब

१/
दोन समाज एकमेकांच्या श्रद्धेला पाखंड मानत असतील, तर ते एकाच गावात, एकाच बाजारात शांततेने नांदू शकतात का? या प्रश्नाला भाबडे होकार आणि कडवे नकार पुष्कळ मिळतात. दक्षिण जर्मनीतील ऑग्सबर्ग शहराने मात्र दीडशेहून अधिक वर्षे तसे राहून दाखवले. त्यामागची व्यवस्था फारशी गोड नव्हती, पण ती टिकली. ती का टिकली, याचा हा धागा.

२/
सोळाव्या शतकात ऑग्सबर्ग युरोपातील धनाढ्य शहरांपैकी एक होते. फुगर आणि वेल्झर या बलाढ्य सावकारी घराण्यांच्या पेढ्या येथे होत्या. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राटपदी निवडून आला, तो मुख्यतः याकोब फुगरच्या पैशावर. हे शहर 'मुक्त साम्राज्यनगर' होते. म्हणजे वर थेट सम्राट, मधे कोणी सरंजामदार नाही आणि रोजचा कारभार नगरपरिषदेच्या हाती.

३/
मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेने या शहराचे दोन भाग केले. १५३० साली प्रोटेस्टंटांनी आपला श्रद्धा-जाहीरनामा सम्राटापुढे वाचला, तो येथेच. १५३७ मध्ये नगरपरिषदेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. १५४८ मध्ये युद्ध जिंकून आलेल्या चार्ल्सने पारडे उलटवले. परिषदेतील कारागीर-संघांची सत्ता त्याने मोडली आणि ती मूठभर उमराव घराण्यांना दिली. त्यांत कॅथलिकांचे वजन मोठे होते.

४/
१५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने साम्राज्यापुरता तोडगा काढला. ज्या राजाचे राज्य, त्याचाच पंथ प्रजेचा. ज्याला तो मान्य नसेल, त्याने घरदार विकून निघून जावे. पण ज्या साम्राज्यनगरांत दोन्ही पंथ आधीपासून होते, तेथे दोन्ही राहावेत असे ठरले. ते एकत्र नांदावेत कसे, पदे कोणाला मिळावीत, तंटा झाल्यास कौल कोणाचा, याबद्दल तह मौन बाळगून होता. पुढची शंभर वर्षे या मौनाची किंमत शहर मोजत राहिले.

५/
पहिला मोठा भडका उडाला तो कालगणनेवरून. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये पंचांग सुधारले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. ऑग्सबर्गच्या परिषदेने पुढच्या वर्षी ते स्वीकारले. आसपासच्या कॅथलिक मुलुखात नवी तारीख चालू झाली होती, म्हणून व्यापारासाठी आपणही ती घ्यावी, असा तिचा युक्तिवाद होता. प्रोटेस्टंट बहुसंख्य होते, पण सत्ता कॅथलिकांच्या हाती होती.

६/
खगोलशास्त्राच्या दृष्टीने नवी गणना अचूक होती. प्रोटेस्टंटांचा प्रश्न वेगळा होता : आमचा सण कोणत्या दिवशी, हे पोपने का ठरवावे? १५८४ मध्ये परिषदेने विरोध करणारे धर्मोपदेशक गेओर्ग म्युलर यांना हद्दपार करण्याचे ठरवले, तेव्हा शस्त्रे घेऊन लोक रस्त्यावर उतरले. वरकरणी वाद दहा दिवसांचा होता. मुळात तो दोघांच्या जगण्याचे नियम एकाच पक्षाने ठरवावेत का, याचा होता.

७/
यानंतर आले तीस वर्षांचे युद्ध (१६१८–१६४८). सम्राट दुसरा फर्डिनांड याने १६२९ मध्ये कॅथलिकांची जुनी धर्मसंपत्ती परत मिळवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी ८ ऑगस्टला ऑग्सबर्गमधील प्रोटेस्टंट उपासना बंद करण्यात आली आणि त्यांचे धर्मोपदेशक पदच्युत झाले. शहरातील बहुसंख्य लोकांना त्यांच्याच शहरात प्रार्थनास्थळ उरले नाही.

८/
१६३२ मध्ये स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा गुस्ताव्ह आडॉल्फ शहरात शिरला आणि फासे पुन्हा पलटले. आता कॅथलिकांची पदे गेली. मग सम्राटाच्या फौजांनी शहराला वेढा घातला. उपासमारीने गलितगात्र झालेल्या शहराने १६३५ मध्ये शरणागती पत्करली. प्रोटेस्टंटांची चर्चे पुन्हा गेली. युद्ध संपेपर्यंत ते सेंट आनाच्या विद्यालयाच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली प्रार्थना करत राहिले.

९/
युद्धापूर्वी शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. १६३५ च्या गणनेत उरली जेमतेम साडेसोळा हजार. सुमारे शंभर वर्षांत दोन्ही पक्षांना पूर्ण विजय मिळून पाहिला होता आणि दोघांचाही विजय टिकला नव्हता. पुढचा करार या अनुभवातून आला. दोघांपैकी कोणाचेही मन बदललेले नव्हते.

१०/
१६४८ च्या वेस्टफालिया तहात ऑग्सबर्ग, बिबराख, राफेन्सबुर्ग आणि डिंकेल्सब्यूल या चार नगरांसाठी खास कलमे घातली गेली. तत्त्व एकच : लोकसंख्या काहीही असो, सत्ता समसमान. ऑग्सबर्गमध्ये दोन नगरप्रमुख, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. परिषदेतील इतर जागा आणि न्यायाधीशपदे निम्मी-निम्मी.

११/
विषम संख्येच्या पदांचे काय? तहाने त्याचाही विचार केला होता. खजिन्यावरचे अधिकारी तीन. एका वर्षी दोन प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक, पुढच्या वर्षी उलट. सात जणांच्या अंतर्गत मंडळात मात्र चार कॅथलिक आणि तीन प्रोटेस्टंट होते. म्हणून सर्वांत महत्त्वाचे कलम हे की धर्माच्या बाबतीत बहुमताने निर्णय होणार नाही. साम्राज्यसभेतही हाच नियम आला. धर्माचा प्रश्न निघाला की सभा दोन गटांत विभागायची, आणि तडजोड हाच एकमेव मार्ग उरायचा.

१२/
येथे फ्रान्सशी तुलना उद्बोधक ठरते. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या आज्ञापत्राने प्रोटेस्टंटांना मुभा दिली. पण ती राजाची कृपा होती. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ती काढून घेतली आणि लाखांच्या घरात लोक देशोधडीला लागले. ऑग्सबर्गमधील हक्क मात्र आंतरराष्ट्रीय तहात कोरलेला होता. तो एका पक्षाला एकट्याने पुसता येत नव्हता.

१३/
मग दोन्ही समाज एकमेकांच्या जवळ आले का? फ्रेंच इतिहासकार एतियेन फ्राँस्वा यांनी १६४८ ते १८०६ या काळातील ऑग्सबर्गचा अभ्यास केला आणि दोन्ही समाजांमधल्या रेषेला 'अदृश्य सीमा' म्हटले. शेजार एकच, बाजार एकच. पण आंतरपंथीय विवाह विरळा आणि पंथांतरे थोडी. शाळा वेगळ्या, अनाथालये वेगळी, मुलांची नावेसुद्धा वेगळी. सेंट उलरिखच्या जागी आजही कॅथलिक बॅसिलिका आणि प्रोटेस्टंट चर्च एकमेकांना खेटून उभी आहेत.

१४/
म्हणजे शांतता आली, पण दुरावा गेला नाही. उलट समान हक्कांमुळे प्रत्येकजण आपले वेगळेपण अधिकच जपू लागला. फरक एवढाच की ते वेगळेपण आता जीवघेणे राहिले नव्हते. कुरबुरी, तक्रारअर्ज आणि परिषदेतील वाद चालूच राहिले. फक्त लढाईचे मैदान रस्त्यावरून कागदावर आले.

१५/
या व्यवस्थेची खरी परीक्षा पुढे झाली. १६४८ मध्ये प्रोटेस्टंट बहुसंख्य होते. निम्म्यावर समाधान मानणे, हा त्यांच्या दृष्टीने तोटाच होता. पण अठराव्या शतकात भोवतालच्या खेड्यांतून कॅथलिक येत राहिले आणि शहरात कॅथलिकांचे बहुमत झाले. आता तेच कलम अल्पसंख्य झालेल्या प्रोटेस्टंटांचे कवच बनले. आपण संख्येने जास्त असताना मान्य केलेली मर्यादा त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या कामी आली.

१६/
या शांततेला काळी बाजूही होती. ती फक्त करारातील दोन पक्षांसाठी होती. ज्यूंना शहराने पंधराव्या शतकातच घालवून दिले होते. ते क्रीग्सहाबर, फेर्झे अशा शेजारच्या गावांत राहत आणि १६४८ नंतरही शहरात त्यांना नागरिक म्हणून स्थान मिळाले नाही. ज्याच्यापाशी सैन्य किंवा पाठीराखा राजा नव्हता, त्याला तहाच्या मेजावर खुर्चीही नव्हती.

१७/
१८०६ मध्ये शहर बव्हेरियाच्या राज्यात विलीन झाले आणि ही वाटणी संपली. उरला एक सण. १६५० पासून प्रोटेस्टंटांनी ८ ऑगस्टला, म्हणजे आपली उपासना हिरावली गेली त्याच तारखेला, 'शांतता उत्सव' सुरू केला. कितीतरी काळ तो केवळ त्यांचाच राहिला. आज त्यात सर्व पंथांचे लोक सामील होतात. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, तीही सबंध जर्मनीत केवळ ऑग्सबर्ग शहरात.

१८/
ऑग्सबर्गकरांनी परस्परांवर प्रेम केले नाही. एकमेकांची श्रद्धा खरी आहे, असेही कधी मानले नाही. त्यांनी फक्त काही गोष्टी बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवल्या आणि पदांचा हिशोब काटेकोरपणे पाळला. परस्परांविषयी आपुलकी वाटेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर कदाचित आणखी एक युद्ध झाले असते. ती आपुलकी आली, पण शांततेनंतर, आणि तीही कित्येक पिढ्यांनी.