उंचीची भीती

उंच जागी उभे राहिल्यावर, किंवा तिथे जावे लागणार या नुसत्या विचाराने, प्रत्यक्ष धोक्यापेक्षा कितीतरी जास्त भीती वाटणे म्हणजे उंचीची भीती. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पाय लटपटतात, पोटात गोळा येतो. सहा महिने किंवा अधिक काळ टिकणारी आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारी अशी भीती विशिष्ट भयगंडात मोडते.

तिची काही मुळे तोल राखण्याच्या यंत्रणेत आहेत. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे मिळून शरीराचा तोल सांभाळतात. उभा माणूस सतत किंचित डुलत असतो. जवळच्या वस्तूंवरून डोळ्यांना ते समजते. उंचावर समोरचे सगळे दूर गेलेले असते, डोळ्यांचा हा आधार सुटतो आणि गरगरल्यासारखे होते. जवळच्या खांबावर नजर ठेवली की बरे वाटते ते यामुळेच. काठाबद्दलची सावधगिरी लहानपणीच दिसू लागते. गिब्सन आणि वॉक यांनी 1960 मध्ये मांडलेल्या प्रयोगात रांगणारी बहुतेक बाळे आई बोलावत असूनही खोल भासणाऱ्या काचेवर गेली नाहीत. ही सावधगिरी जीव वाचवणारी आहे. तिला भित्रेपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

उंच डोंगर नसलेल्या भागातही ही भीती भेटते. नांदेड-लातूरचा बराचसा मुलूख पठारी. कंधार, उदगीर, औसा हे इथले नावाजलेले किल्ले भुईकोट आहेत. डोंगरी किल्ला म्हणजे माहूर. त्यामुळे अनेकांची उंचीशी पहिली गाठ पडते ती माळवदावर किंवा विहिरीच्या काठावर. विहिरीत डोकावताना पोटात खड्डा पडतो तो याच भीतीचा, कारण शरीराच्या लेखी खोली आणि उंची एकच. विहिरीवर, पाण्याच्या टाकीवर किंवा बांधकामाच्या परांचीवर काम करणाऱ्याला ही भीती लपवावी लागते आणि त्यातच खरा धोका असतो. अशा कामात सुरक्षापट्टा हवाच.

टाळत राहिल्याने भीती घट्ट होते. मुख्य उपचार म्हणजे तिला पायरीपायरीने सामोरे जाणे: आधी कठडा असलेला पहिला मजला, मग गच्ची, पुढे माहूरच्या रेणुकादेवीच्या पायऱ्या. प्रत्येक टप्प्यावर धडधड ओसरेपर्यंत थांबायचे. ओढत नेणे किंवा थट्टेने ढकलणे यांनी नुकसानच होते. बसल्या जागी किंवा कूस बदलतानाही चक्कर येत असेल तर आधी कानाची तपासणी करावी. भयगंडासाठी नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभागात, तसेच टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.