पुस्तकांच्या पेटीपासून शोधगंगेपर्यंत : बडोद्यातल्या शिकाऊ शिक्षकांची संदर्भसाधने

मागच्या वर्षी शेजारची एक मुलगी माझ्याकडे आली. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात मराठी, शाळा सगळी गुजराती माध्यमातली. म्हणाली, "काका, बडोदे संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर प्रकल्प करायचाय. तुमच्याकडे काही आहे का?" म्हटलं, आधी तू काय जमवलंस ते दाखव. मोबाइलवर बारा दुवे निघाले. बाराही वाचले. एकाचं दुसऱ्याने उतरवलेलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सुरुवात, १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्ती, एवढं सगळीकडे होतं. मधल्या तेरा वर्षांत काय झालं, मास्तर कुठून आणले, दंड खरोखर वसूल झाला का, मुली शाळेत टिकल्या का, यातलं एकातही काही नव्हतं.

"कॉलेजात लायब्ररी नाही का?" तर आहे. पण कपाटांना कुलूप. पुस्तक हवं तर नाव लिहून चिठ्ठी द्यायची. आता नावच माहीत असतं तर ती माझ्याकडे कशाला आली असती?

हा प्रश्न मला सोडेना, कारण ज्या गावात तो तिला पडला त्याच गावाने तो शंभर वर्षांपूर्वी बराचसा सोडवला होता. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर आपल्या मंडळात पूर्वी बोलणं झालंय, म्हणून सगळी कहाणी पुन्हा सांगत नाही. शिक्षकाच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं, तेवढंच इथे मांडतो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. १९१० साली न्यू हेवनच्या ग्रंथालयातले विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्याला आणलं. बोर्डन इथे तीनच वर्षं होते. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, महाराजांच्या राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं त्याच्या मुळाशी होती. ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला आणि ड्युई व कटर यांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण तयार झालं. मांडवीजवळची आजची इमारत, जिच्यातल्या काचेच्या जमिनी पाहायला लोक अजून जातात, ती नंतरची.

शिक्षकाच्या दृष्टीने या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फिरत्या पेट्यांची. मजबूत लाकडी पेटी, तिच्यात पंधरा ते तीस पुस्तकं, आणि ती संस्थानाच्या कुठल्याही कोपऱ्यात पाठवायची. येण्याजाण्याचं भाडंसुद्धा सरकार देई. गावात ग्रंथालय काढायचं असेल तर गावकरी जमवतील तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच सरकार. मोतीभाई अमीन यांनी ही गावोगावची बाजू सांभाळली. चळवळीचं यश मोजायचं तर मी बोर्डनपेक्षा त्यांच्या नावावर जास्त जमा करीन. बऱ्याच गावांत पेटीची किल्ली शाळेच्या मास्तरांकडेच असे. म्हणजे मास्तर वाचकही आणि ग्रंथपालही. शिवाय मध्यवर्ती ग्रंथालयात दृक्-शिक्षणाची वेगळी शाखा होती. मॅजिक लँटर्न, काचेवरची चित्रं, पुढे चित्रपटसुद्धा. आज आपण ज्याला शैक्षणिक साहित्य म्हणतो, ते तेव्हा असं फिरत होतं.

पेटीची गंमत अशी की मास्तरांना पुस्तकाचं नाव माहीत असायची गरज नव्हती. कोणीतरी जाणत्याने आधीच निवड करून ती भरलेली असे. झाकण उघडलं की समोर तीस शक्यता. कुलूपबंद कपाट आणि चिठ्ठी यांच्या अगदी उलट.

हे गोडगोड करून सांगायचं नाही. पेट्या बहुतेक गुजराती वाचकांसाठी होत्या आणि ते रास्तच होतं, कारण खेड्यापाड्यातली प्रजा गुजराती. मराठी वाचक मुख्यतः शहरात, दरबार आणि कचेऱ्यांच्या आसऱ्याने राहणारा. पण आपल्या भाषेकडे दुर्लक्ष झालं असंही नाही. १९१२ साली सुरू झालेलं 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग घेऊन निघे. सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांत ग्रंथ निघाले. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत लिहिलं जाऊ शकतं, हे बडोद्याने तेव्हाच दाखवलं होतं.

पुढचा टप्पा थोडक्यात. १९३५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं. १९४९ साली संस्थान विलीन झालं, विद्यापीठ आलं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि त्या कॉलेजातून शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राची विद्याशाखा उभी राहिली. तिथलंच प्रगत शिक्षण अध्ययन केंद्र, ज्याला सगळे 'केस' म्हणतात, त्याने १९७४ साली असं एक पुस्तक काढलं की देशभरच्या एम.एड. आणि पीएच.डी.वाल्यांना ते हाताशी घ्यावंच लागलं. म. ब. बुच यांनी संपादित केलेलं 'ए सर्व्हे ऑफ रिसर्च इन एज्युकेशन'. भारतात शिक्षणावर झालेल्या संशोधनाचे सारांश, विषयवार लावलेले. दुसरं सर्वेक्षण १९७९ साली, तेही बडोद्यातूनच. तिसऱ्यापासून ते एनसीईआरटीकडे गेलं. आमच्या पिढीत "बुच पाहिलंस का?" हा मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न असे. नाही म्हटलं तर बोलणं तिथेच संपे!

माझ्या मते बुच म्हणजे पेटीचंच दुसरं रूप. प्रबंध मुंबईत असो की मद्रासला, तो आहे हे तरी कळायचं. तुम्हाला काय ठाऊक नाही, ते कोणीतरी यादी करून समोर ठेवलेलं.

आता तिसरा टप्पा. १९९१ साली पुण्यात आयुकाच्या छत्राखाली सुरू झालेला इन्फ्लिबनेट हा प्रकल्प पुढे स्वतंत्र होऊन गुजरातेत स्थिरावला. आज तो गांधीनगरला आहे, बडोद्याहून दोन-अडीच तासांवर. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि त्यातून 'शोधगंगा' उभी राहिली. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही, कुलूप नाही. पूर्वी ज्या प्रबंधाचा नुसता सारांश बुचमध्ये मिळे, तशा प्रबंधांचं पान न् पान आता घरबसल्या उघडतं. याचं मोल मी कमी लेखत नाही.

पण शोधाच्या चौकटीत शब्द टाकावा लागतो, आणि गाडी अडते ती इथेच. त्या मुलीने इंग्रजीत 'वडोदरा' टाकलं होतं. शहराचं अधिकृत नाव १९७४ साली बदललं. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत सगळीकडे 'बरोडा'. मराठीत बडोदे, बडोदा आणि वडोदरा, तिन्ही. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. कडी प्रांत शोधायचा तर मेहसाणाही शोधावा लागतो. सक्तीचं शिक्षण म्हणजे इंग्रजीत कधी 'कंपल्सरी', कधी 'फ्री अँड कंपल्सरी', तर आजच्या प्रबंधांत 'युनिव्हर्सलायझेशन'. मराठी पुस्तकांची गत आणखी वाईट. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रती पुष्कळ आहेत, पण त्यांची नावं रोमन अक्षरांत कोणीतरी घाईघाईने टंकलेली. 'शिक्षण' हा एकच शब्द चार वर्णविन्यासांनी टाकून पाहावा लागतो. आतला मजकूर चित्ररूपात, त्यामुळे त्यात देवनागरी शब्द शोधू म्हटलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. अमेरिकेतल्या एरिक या शिक्षणसूचीला स्वतःचा संज्ञाकोश आहे. कोणता विषय कोणत्या शब्दाखाली लावलाय ते आधी पाहता येतं. मराठीतल्या शिक्षणविषयक लेखनासाठी तसा कोश माझ्या पाहण्यात आलेला नाही.

तर आम्ही दोन संध्याकाळी बसून आधी शब्दांचीच यादी केली. नावं, जुनी नावं, वेगवेगळे वर्णविन्यास. ती घेऊन पुन्हा शोधलं. संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल सापडले. त्यांत शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण असतं. कुडाळकरांचं चळवळीवरचं १९१९ सालचं पुस्तक सापडलं. शोधगंगेवर गुजरातेतल्या विद्यापीठांचे प्रबंध मिळाले, त्यांच्या शेवटच्या संदर्भसूचीतून आणखी नावं. मग ती मांडवीला गेली. या वेळी चिठ्ठीवर लिहायला नावं होती.

प्रकल्पात तिने दंडाचा प्रश्न घेतला, आणि बारा दुव्यांतलं एकही वाक्य वापरलं नाही. परीक्षकाने काय म्हटलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिच्या वर्गातल्या आणखी तिघींनी मात्र ती शब्दांची यादी मागून नेली.

आता ती यादी मंडळाकडे आहे. तिच्यात मोठं भगदाड आहे ते मराठीचं. 'लायब्ररी मिसेलनी'चे मराठी विभाग असलेले अंक, ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्यांच्या वह्या, पाठ-टाचणं, जुन्या शाळांच्या ग्रंथालयांचे शिक्के असलेली पुस्तकं, असलं काही कोणाच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत असेल तर कळवा. वस्तू घरातच राहू दे. आम्ही येऊन फोटो काढू आणि नोंद यादीत घालू. नाव बडोदे, बडोदा की वडोदरा याची काळजी नको, तिन्ही शब्दांखाली लावू.