बुस्सा : जुनें आणि नवें

नायजर नदीच्या शोधाचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे, त्यांस बुस्सा हें नांव मंगो पार्कच्या मृत्यूमुळें ठाऊक असतें. १८०६ सालीं तेथील खडकाळ प्रवाहांत या स्कॉटिश प्रवाशाचा अंत झाला. परंतु तें बुस्सा आज पाहावयास मिळणार नाहीं. तें जलाशयाच्या तळाशीं आहे. त्याचें नांव चालविणारें नवें बुस्सा हें नायजेरियाच्या नायजर राज्यांतील बोर्गू या स्थानिक शासनविभागाचें मुख्य ठिकाण होय. पार्कच्या मृत्यूखेरीज या प्रदेशास स्वतःचा असा कांहीं इतिहास आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बोर्गूची भूमि विरळ झाडीच्या गवताळ रानांची. बुस्सापाशीं नदीचें पात्र खडकांनीं भरलेलें असल्यामुळें जलमार्ग दुर्घट होता. तथापि हौसा देशांतून गोंजाकडे कोलाफळांच्या व्यापारासाठीं जाणारे तांडे याच मुलखांतून जात. येथील राजवंश आपलें मूळ पूर्वेकडून आलेल्या किस्रा नामक वीराशीं जोडतात. किस्रा हें इराणी खुस्रू या नांवाचें अरबी रूप आहे. पण एवढ्यावरून त्या वंशास इराणी ठरविणें धाडसाचें होईल. या दंतकथेच्या बळावर बुस्साच्या राजास बोर्गूंत वडीलपणाचा मान मिळे, हें मात्र महत्त्वाचें आहे.

या मानाचा यूरोपियनांनीं निराळाच उपयोग केला. बुस्साचा राजा हाच सर्व बोर्गूचा अधिपति, असें इंग्रज कंपनी म्हणे. निक्कीचा राजा स्वतंत्र आहे, असें फ्रेंच म्हणत. १८९४ च्या नोव्हेंबरांत लुगार्ड व देकर यांनीं निक्की गांठण्याची शर्यतच केली. १८९७ सालीं फ्रेंचांनीं बुस्सा व्यापलें, आणि १४ जून १८९८ च्या तहानें बोर्गू दुभंगला : निक्की फ्रेंचांकडे, बुस्सा इंग्रजांकडे.

ज्या वडीलपणावरून वाद झाला, त्याचा आदर पुढें इंग्रजांनींही ठेविला नाहीं. वंशपरंपरागत राजा कितोरो गानी यास दुर्बळ ठरवून त्यांनीं पदच्युत केलें. तेव्हां जून १९१५ मध्यें सुमारें ६०० लोकांनीं उठाव करून गांव ताब्यांत घेतलें व नव्या कारभाऱ्यांपैकीं निम्मे ठार केले. लहानशा फौजेनें हा उठाव मोडला. त्याचा पुढारी राजपुत्र साबुक्की सीमा ओलांडून फ्रेंच दहोमेंत निघून गेला. परकीयांनीं आंखलेली रेषा अशी एका बंडखोराच्या उपयोगी पडली.

पुढचा आघात मात्र परकीयांचा नव्हता. स्वतंत्र नायजेरियानें १९६४ ते १९६८ या काळांत काइंजी येथें धरण बांधलें. सुमारें १,२५० चौरस किलोमीटरांचा जलाशय झाला व चाळीस हजारांहून अधिक लोकांस घरेंदारें सोडावीं लागलीं. १९९१ सालीं हा विभाग क्वारा राज्यांतून काढून नायजर राज्यास जोडण्यांत आला. राष्ट्रास विजेची गरज होती, हें नाकारतां येत नाहीं. पण त्या गरजेचें मोल कोणीं दिलें, हेंही विसरतां येत नाहीं.

पार्कच्या मृत्यूचें स्थळही त्याच पाण्याखालीं गेलें. जग ज्या घटनेवरून बुस्सास ओळखतें, ती तेथील लोकांच्या दृष्टीनें एका परक्या वाटसरूची गोष्ट होय. त्यांच्या स्वतःच्या इतिहासाचीं प्रकरणें १८९८, १९१५ आणि १९६८ हीं आहेत. आणि बोर्गूचा इतिहास लिहावयाचा, तर तो तेथूनच लिहिला पाहिजे.